भात झोडून झालं की

जगातली प्रत्येक गोष्ट ठरलेल्या खणातच गेली पाहिजे आणि तिच्यासाठी खण नसेल तर तिने जगात येण्यापूर्वीच विचार करायला हवा होता, असं मनापासून मानणारे एकच गृहस्थ मी आजवर पाहिले, आणि ते आमच्याच माडीवर भाड्याने राहतात. आम्ही कासारसाईचे जुने शेतकरी. थोरला भाऊ भात आणि ऊस पाहतो, मी शाळेत मराठी शिकवतो, आणि हिंजवडीच्या काचेच्या इमारती आमच्या बांधावरून दिसायला लागल्यापासून गावाने केलं तेच आम्हीही केलं, म्हणजे घरावर मजला चढवला आणि खोल्या भाड्याने दिल्या. भाडेकरू पुष्कळ आले नि गेले. कुणी गाणी मोठ्याने लावायचं, कुणी ओले टॉवेल बरोब्बर आमच्या तुळशीवर गळतील असे वाळत घालायचं, आणि जाताना प्रत्येक जण एकतरी चप्पल विसरून जायचा. हे गृहस्थ मात्र आले तेच एक बॅग आणि एक प्रश्न घेऊन. "सर, दोन खोल्या आहेत. त्यातली स्वयंपाकाची कुठली?" मी आपला मोठ्या मनाने म्हणालो, "तुम्ही म्हणाल ती. कशाही वापरा." 'कशाही' हा शब्द त्यांना इतका लागला की सुरुवातीचे काही दिवस त्यांनी दोन्ही खोल्या वापरल्याच नाहीत. गॅलरीत झोपायचे आणि हॉटेलात जेवायचे. शेवटी मीच वर जाऊन एका चौकटीवर खडूने 'स्वयंपाक' असं लिहून आलो, तेव्हा कुठे त्यांनी बॅगेतून शेगडी बाहेर काढली.

हे करतात काय, याची चौकशी आमच्या वहिनींनी पहिल्याच आठवड्यात केली. वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. घर, गोठा आणि आम्ही दोघे भाऊ त्यांच्याच ताब्यात आहोत. त्या भाडेकरूंना 'पाव्हणं' म्हणतात. पाव्हण्यांनी जोत्यावर बसून त्यांना सगळं नीट समजावून सांगितलं. एका कंपनीकडून दुसरीकडे माहिती जाते, ती पोत्यात कोंबून नव्हे, एकेक वस्तू वेगळी बांधून. प्रत्येक गाठोड्याच्या सुरुवातीला त्याचं नाव आणि शेवटाला पुन्हा तेच नाव, म्हणजे कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं याबद्दल वाद नको. या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. इकडे प्रोग्रॅममध्ये खणाखणांचं एक रिकामं कपाट तयार असतं, त्याला म्हणतात ऑब्जेक्ट. आलेल्या कुठल्या गाठोड्यातलं काय, कुठल्या खणात, कुठल्या रूपात जाईल हे ठरवून देणं, एवढंच यांचं काम, आणि तेवढंच ते उमेदीची सगळी वर्षं करत आले आहेत. वहिनी म्हणाल्या, "म्हंजी लग्नात पोरीकडनं सामान येतं, त्ये आपल्या फडताळात लावायचं. त्यात काय मोठं?" पाव्हणे गंभीर झाले. "नुसतं लावायचं नाही, वहिनी. फडताळात जागा आधी ठरलेली पाहिजे. जागा नसेल तर ती वस्तू घ्यायची नाही." "आन मग तिचं काय करायचं?" "सोडून द्यायची." "टाकून?" "टाकून नाही. सोडून. आपल्याकडे ती आलीच नव्हती, असं समजायचं." वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई अवघड नोकरी हाय बया." ऑफिसातली नवी मुलं म्हणे आता याहून सुटसुटीत पद्धत वापरतात. तिच्यात शेवटी पुन्हा नाव घ्यावं लागत नाही, नुसता कंस मिटला की काम झालं. तिचा विषय निघाला की पाव्हण्यांचा चेहरा, जेवून उठल्यावर 'येतो' न म्हणता निघून गेलेल्या माणसाबद्दल बोलताना होतो तसा होतो.

उघडलेलं प्रत्येक दार मिटायचं, आणि शेवटी उघडलेलं आधी मिटायचं, या नियमावर त्यांचं सगळं चालणंबोलणं उभं आहे. आमच्याकडे चहाला आले की आधी थोरल्या भावाला नमस्कार करतात, मग मला, मग वहिनींना. निघताना आधी वहिनींचा निरोप, मग माझा, शेवटी भावाचा. एकदा वहिनींचा आणि माझा निरोप घेऊन होईपर्यंत भावाला खुर्चीतच डुलकी लागली. आता सगळ्यात बाहेरचं दार उघडंच राहिलं. पाव्हणे मुकाट्याने पुन्हा बसले. भाऊ ऊस तोडून आलेला, त्यामुळे झोप गाढ होती. तो जागा झाला तेव्हा दिवेलागण झाली होती आणि पाव्हणे समोर ताठ बसलेले. भाऊ दचकून म्हणाला, "काय वो, काय झालं?" "काही नाही दादा, येतो," असं म्हणून ते उठले आणि वर गेले. शहरातल्या बसवर त्यांचा राग आहे, कारण तिच्यात एका दाराने चढून दुसऱ्या दाराने उतरतात. आमच्याकडच्या जीपगाड्यांवर मात्र त्यांचा फार जीव. जीपमध्ये मागे कोंबलेल्या माणसांपैकी सगळ्यात आतल्याला उतरायचं असलं की त्याच्या बाहेरच्या सगळ्यांना आधी खाली उतरावं लागतं, आणि याचा वैताग येत नाही असा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात एकच आहे. दर थांब्याला ते प्रसन्न मुद्रेने उतरतात, बाजूला उभे राहतात, आणि आतल्या म्हातारीला सुखरूप बाहेर आलेली पाहून पुन्हा चढतात. ड्रायव्हरला त्यांनी एकदा सांगितलं म्हणे, "तुमची रचना अगदी योग्य आहे." ड्रायव्हरला वाटलं हे गाडी विकत मागतायत.

त्यांचा आणि वहिनींचा एकदाच खटका उडाला आणि तो डब्यांवरून. वहिनींनी कौतुकाने वर ठेचा पाठवला, तो श्रीखंडाच्या डब्यातून. पाव्हण्यांनी डब्यावर लिहिलेलं वाचलं, विश्वास ठेवला आणि चमचाभर तोंडात टाकला. नंतर ते बराच वेळ गॅलरीत उभे राहून वारा खात होते, पण तिखटाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. त्यांचं दुःख वेगळंच होतं. खाली येऊन पाणावलेल्या डोळ्यांनी म्हणाले, "वहिनी, बाहेर एक नाव आणि आत दुसरंच, असं असेल तर माणसाने कशावर भरवसा ठेवायचा?" पुढे वहिनी एका लग्नाला गेल्या असताना त्यांनी भावाची परवानगी घेऊन आमच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर आतल्या जिनसेचं नाव सुवाच्य अक्षरात चिकटवलं, आणि अदलाबदल झालेली झाकणंही ज्याची त्याला बसवली. त्या परत आल्या आणि त्या दिवशी आमटीत साखर पडली. "मला वाचायला कशाला लावताय?" वहिनी कडाडल्या. "श्रीखंडाचा डबा म्हंजी ठ्येचा, बिस्किटाचा म्हंजी हळद, आन गोल झाकणाचा म्हंजी साखर. मी डबा बघून हात घालती. तुमी झाकणंच बदलली!" पाव्हण्यांनी चुकीची क्षमा मागितली, सगळ्या चिठ्ठ्या काढून घेतल्या, झाकणं होती तशी लावली, आणि वहिनींची ती पद्धत समजून घ्यायला पुढे कितीतरी संध्याकाळी ओट्याशी उभे राहिले. तेव्हापासून दोघांचं मेतकूट जमलं ते आजतागायत.

रिकामेपणाबद्दलची त्यांची मतं फार बारीक आहेत. आपल्यासारख्यांना एखादी गोष्ट असते किंवा नसते. त्यांच्याकडे नसण्याचेही प्रकार आहेत. गाठोडं आलं आणि त्यात 'काही नाही' असं स्पष्ट सांगितलेलं होतं, हा एक प्रकार. गाठोडं आलं पण आत पोकळ निघालं, हा दुसरा. आणि गाठोडं आलंच नाही, हा तिसरा. या तिन्हींत गल्लत करणारा माणूस त्यांच्या मते कुठल्याही पातळीला जाऊ शकतो. गावातल्या एका लग्नाची पत्रिका त्यांच्या दाराला खोचलेली सापडली आणि तिच्यावर नावाच्या जागी कुणी काही लिहिलेलंच नव्हतं. मी म्हणालो, "विसरले असतील. चला." ते म्हणाले, "पत्रिका आली आहे, म्हणजे आमंत्रण आहे. नाव रिकामं आहे, म्हणजे ते कुणाला आहे हे अजून ठरलेलं नाही." ते आले, पण मांडवाच्या तोंडाशीच उभे राहिले, आणि नवरीच्या बापाने हाताला धरून "आवो आत व्हा की, वाट का आडवताय?" म्हटल्यावर पंगतीला बसले. तारखेचंही तसंच. नळाची दुरुस्ती करणारा म्हणाला, "येतो उद्या-परवा." पाव्हण्यांनी त्याचं येणं धरलंच नाही. तो परवा खरंच आला तेव्हा हे दाराला कुलूप लावून ऑफिसात. "उद्या-परवा ही तारीख नव्हे, सर," त्यांनी मला समजावलं. "तारखेच्या खणात दिवस, महिना, वर्ष जातं. दुसरं काही आलं तर प्रोग्रॅम ते घेत नाही. घेऊच नये."

असा हा निरुपद्रवी माणूस. चाळिशी उलटलेली, कानशिलं पांढरी झालेली, पगार चांगला, व्यसन म्हणावं तर फक्त भाजके शेंगदाणे. मग लग्न का नाही, हा प्रश्न गावाला पडला होताच, पण विचारायचं धाडस वहिनींनी केलं. थंडीचे दिवस होते. रविवारी सकाळी आम्ही अंगणात उन्हाला बसून वालाच्या शेंगा सोलत होतो आणि पाव्हणे आदल्या दिवशीची वाटी परत द्यायला आले होते. वहिनी म्हणाल्या, "पाव्हणं, बसा. एक इचारू का? लगीन का न्हाई केलं?"

"विचारलं आहे," पाव्हणे शांतपणे म्हणाले. "उत्तर यायचं आहे."

वहिनींच्या हातातली शेंग हातातच राहिली. "आँ? कुनाला इचारलंय? कवा?"

तेव्हा ते सगळं बाहेर आलं. ऑफिसात त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी काम करायची. आमच्याच तालुक्यातल्या कोळवण खोऱ्यातली, शेतकऱ्याची. यांनी बांधलेली कपाटं ती तपासायची, आणि यांच्या कामात चूक काढणारी ती जगातली पहिलीच व्यक्ती, त्यामुळे यांना ती मनापासून आवडली. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत यांनी तिला सरळ विचारलं, माझ्याशी लग्न कराल का. त्याला बरीच वर्षं झाली. पुढे तिने नोकरी सोडली, पण तसं यांना कुणी कळवलं नाही म्हणून यांनी ती रजेवर आहे असंच धरलं, आणि खरं काय ते वर्षभर गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "नाही म्हणाल्या असत्या तर मी तसं धरून पुढे गेलो असतो," ते म्हणाले. "पण उत्तर आलंच नाही. न आलेल्या उत्तराला 'नाही' समजणं चुकीचं आहे. म्हणून मी थांबलो आहे."

"आवो, पन ती गप बसली का तवा? कायच बोलली न्हाई?"

"बोलल्या. पण ते दुसरं काहीतरी. खाली बघून म्हणाल्या, भात झोडून झालं की एकदा घरी या, आईला भेटा."

 वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. आमच्या या भागात लग्नाच्या गोष्टीत कुठली मुलगी तोंडाने 'हो' म्हणते? 'नाही' तर कुणीच म्हणत नाही. नकार द्यायचा असला की निरोप पाठवायचा नाही, पुरे झालं. आणि एखादीने तुम्हाला घरी या, आईला भेटा म्हटलं, तेही सुगी उरकून घरात चार दाणे आल्यावर, सगळ्यांना सवड असताना, तर याहून मोठं उत्तर कोळवण खोऱ्यात अस्तित्वात नाही. वहिनींनी सुपासकट शेंगा बाजूला सारल्या. "आरं माझ्या कर्मा! पाव्हणं, त्येच उत्तर व्हतं! तुमी ग्येला न्हाई?"

"तारीख दिली नव्हती," पाव्हणे म्हणाले.  "मी होकार किंवा नकार येईल असं धरून विचारलं होतं. घरी या, हे त्या दोन्हींत बसत नव्हतं. आणि भात झोडून झालं की, हे तारखेत बसत नव्हतं. म्हणून मी ते..." वाक्य अर्धं ठेवून ते उठले. सुरू केलेलं वाक्य त्यांनी न संपवता सोडलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. वाटी हातात तशीच घेऊन ते वर गेले.

वहिनींचं माहेर कोळवण खोऱ्यातलंच. त्या काळात तिथली संगणक शिकून हिंजवडीला जाणारी मुलगी कोण, हे त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. घर ठाऊक होतं, मुलीची आई तर लांबच्या नात्यातली निघाली. "मी जाती आन बघून येती," वहिनी म्हणाल्या. "माझ्या माह्यारची पोर हाय. खरं काय त्ये तिच्या तोंडनं कळू द्या." पाव्हण्यांनी 'जा' म्हटलं नाही आणि 'नको'ही म्हटलं नाही. पण वहिनी निघाल्या त्या सकाळी ते ऑफिसला गेले नाहीत. मी शाळेत जायला निघालो तर जिन्यात इस्त्रीचा शर्ट घालून उभे. मला म्हणाले, "सर, उत्तर आलं तर मी काय करायचं?" मी म्हणालो, "आनंद करायचा, नाहीतर वाईट वाटून घ्यायचं. दुसरं काय करणार?" ते म्हणाले, "इतकी वर्षं थांबायचं कसं ते मला जमलंय. पुढचं मी ठरवलेलंच नाही."  इतके दिवस मी या माणसाची मजा पाहत आलो होतो, पण त्या जिन्यात मला त्यांची काळजी वाटली.

वहिनी दुसऱ्या दिवशी दुपारी परतल्या. तोंड धुतलं, पाणी प्यायल्या आणि मग पाव्हण्यांना खाली बोलावून त्यांच्या समोरच बसून बोलल्या. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नाही. मुलगी माहेरीच भेटली, सणाला आली होती. लग्न झालेलं आहे, नवरा उरवड्याच्या कारखान्यात, दोन मुलं शाळेत जाणारी. सुखात आहे. "पाव्हणं, तुमचं नाव काडलं तर आदी हसली," वहिनी म्हणाल्या. "मंग च्या करती म्हनून आत ग्येली ती लई येळ भाईरच आली न्हाई. तिची आई सांगत हुती. त्या वर्साला भात झोडल्यावर घर सारवलं, नवा आंबेमोहोर येगळा काडून ठिवला. फाट्यावर जीप थांबली की पोर दारात. माघ ग्येला, फागुन ग्येला. पुन्यांदा भात लावायची येळ आली. मंग बापानं दुसरीकडं जमवलं." त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "निघताना माझ्या मागं फाटकापतुर आली. म्हनली, काकू, त्यांना सांगा, मी व्हय म्हनले व्हते."

एवढं बोलून आमच्या वहिनी, ज्यांना मी आमचे वडील गेले तेव्हाही कामाला लागलेलं पाहिलं आहे, डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. मला या माणसाचा त्या क्षणी राग आला, आणि कीवही आली, आणि दोन्ही मी गिळलं.  पाव्हणे उठले आणि निरोप न घेता, कुणाचाच न घेता, जिना चढून गेले.

संध्याकाळी मी चार समजुतीची वाक्यं जुळवून वर गेलो. पोरांना निबंध लिहायला शिकवणाऱ्या माणसाला तेवढी जमतात. ते गॅलरीत आमच्या गावच्या धरणाच्या बाजूला तोंड करून उभे होते. माझी चाहूल लागल्यावर वळले, आणि मला धक्काच बसला, कारण त्यांचा चेहरा उजळलेला होता. "सर, 'हो' होतं," ते म्हणाले. परीक्षेत पास झालेलं पोर सांगतं, तसं. "त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. उत्तर आलं होतं." माझी वाक्यं खिशातच राहिली. या माणसाचं सांत्वन करायचं की अभिनंदन, हे मला कळेना, म्हणून मी नुसता शेजारी उभा राहिलो. धरणाचं पाणी हळूहळू काळपट होत होतं. खालच्या खाचरात भावाने कापून ठेवलेल्या भाताचे भारे रचलेले होते. यंदा आमच्याकडे मजूर मिळाले नाहीत, झोडणी मागे पडली होती. पाव्हणे बराच वेळ त्या भाऱ्यांकडे बघत राहिले. हळूहळू चेहऱ्यावरचा तो उजेड गेला.

"सर," त्यांनी विचारलं, "कोळवणला भात झोडून कधी होतं?"

"तसं काही सांगता येत नाही," मी म्हणालो. "पाऊस कसा लांबला, माणसं कधी मिळाली, यावर आहे. कुणाचं दिवाळीलाच उरकतं, कुणाचं पौषात."

त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, म्हणाले, "म्हणजे जाऊन बघायला पाहिजे होतं."

मी हो म्हणालो.